अठराशे तबकड्या आणि टू बीएचके

पत्र :

'मी सांगलीत गावभागात राहतो. वय ७४, बँकेतून निवृत्त. नोकरीला लागल्यापासून ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या जमवतोय. आजमितीला साधारण अठराशे आहेत, सगळ्या लाखेच्या, ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या). नाट्यसंगीत आणि भावगीतं जास्त, थोडं शास्त्रीय, काही पोवाडे आणि कीर्तनं. २०१९च्या पुरात पाणी उंबऱ्यापाशी आलं तेव्हा मी आधी तबकड्या माळ्यावर चढवल्या, मग फ्रिजकडे बघितलं. हिच्या तोंडून ते अजून ऐकतो. मुलगा पुण्यात, मुलगी कॅनडात. परवा जेवताना विषय काढला की माझ्यामागे या सगळ्याचं काय? मुलगा म्हणाला, "बाबा, हे सगळं यूट्यूबवर आहे." ही म्हणाली, "मी भंगारवाल्याला बोलावणार, आत्ताच सांगून ठेवते." चेष्टेतच म्हणाली, पण मला रात्रभर झोप नाही. मुलाने संग्रह विकायचा नाही, मोडायचा नाही, अशी अट मृत्युपत्रात घालता येईल का? की आई-वडिलांच्या नावाने वेगळं दालन करण्याच्या अटीवर एखाद्या संस्थेला देऊन टाकू?'

— एक वाचक, सांगली

उत्तर :

नमस्कार काका,

आधी वजनाचं बोलू. दहा इंची लाखेची तबकडी दोनशे-अडीचशे ग्रॅमची असते. अठराशे म्हणजे चार क्विंटल झाले, कपाटं वेगळी. तुमच्या पत्रात हा हिशेब कुठेच नाही. मुलाने मात्र तो मनातल्या मनात केव्हाच मांडलेला असणार. पुण्यातला टू बीएचके, त्यात शाळकरी मुलं, हप्ते चालू, आणि चार क्विंटल लाख. 'यूट्यूबवर आहे' हे त्याचं वाक्य संगीताबद्दल नव्हतंच. 'बाबा, मला हे झेपणार नाही' असं वडिलांच्या तोंडावर म्हणवत नाही, म्हणून माणूस यूट्यूबचं नाव पुढे करतो.

तुमच्या अटीचं उत्तर सरळ देते. घालू नका. एखादी वस्तू कोणाला पूर्ण मालकीने द्यायची आणि वर 'विकायची नाही' म्हणायचं, अशी अट कायद्यापुढे सहसा टिकत नाही. आणि टिकली समजा, तरी पाळणार कोण, तपासणार कोण? मुलगा तुमचा शब्द मोडणार नाही, तो तबकड्या जपून ठेवेल. म्हणजे गच्चीच्या खोलीत, पत्र्याखाली, खोक्यांत एकावर एक रचून. दोन उन्हाळ्यांत त्या पापडासारख्या वाकतील आणि त्याला पत्ताही लागणार नाही. अशा तऱ्हेने नष्ट झालेल्या संग्रहांना कोणी भंगारात घातलेलं नसतं, घरच्यांनी प्रेमाने सांभाळलेलंच असतं. तेव्हा 'मोडायचा नाही' हा हट्ट आधी तुम्हीच सोडा. संग्रह तुम्ही जमवलात, तो मोडण्याचा पहिला मानही तुमचा आहे. नीट मोडलेला संग्रह पुष्कळ जगतो.

मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे, हेही ऐकून घ्या. बालगंधर्व, हिराबाई, मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव यांची गाजलेली पदं आज फोनवर सहज मिळतात. ती तिथे पोहोचली कशी, तर तुमच्यासारख्याच कोणीतरी तबकडी पुसून, वाजवून, चढवली म्हणून. उरलेलं अर्धं तुमच्या कपाटात असू शकतं. एखाद्या नाटक मंडळीतल्या दुय्यम नटाचं एकमेव ध्वनिमुद्रण, एखाद्या कीर्तनकाराचा तीन मिनिटांत कोंबलेला पूर्वरंग, ज्याचं नावसुद्धा आता कोणाला आठवत नाही अशा शाहिराचा पोवाडा. गाजलेल्या तबकड्या हजारांनी निघाल्या होत्या, म्हणून त्या आजही सापडतात. न खपलेल्याच दुर्मीळ असतात. आता या अठराशेंमधल्या अशा कोणत्या आणि किती, हे जगात एकाच माणसाला माहीत आहे, आणि त्याचं वय ७४ आहे.

म्हणून पहिलं काम मृत्युपत्राचं नाही, वहीचं आहे.

एक तबकडी हातात घ्या. लेबलवर गायकाचं नाव, पदाची पहिली ओळ, कधी नाटकाचं नाव, कंपनी आणि त्याखाली कॅटलॉग नंबर. आता ती खिडकीपाशी तिरकी धरा. लेबल आणि शेवटची रेघ यांच्यामध्ये जो गुळगुळीत काळा पट्टा असतो, त्यात बारीक अक्षरांत कोरलेला आणखी एक नंबर दिसेल. तो साच्याचा. लेबल फाटलं, पुरात सुटून गेलं, कोणी चुकीचं चिकटवलं, तरी त्या नंबरावरून तबकडीची ओळख पटते. तुम्हाला हे ठाऊक असेलच, तुमच्या घरात दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. हे दोन्ही नंबर, दोन्ही बाजूंची गाणी आणि तबकडीची अवस्था लिहा. टवका उडालाय का, केसासारखी चीर आहे का, खरखर किती. शेवटी एक रकाना ठेवा : 'का ठेवली'. तिथे काय वाटेल ते लिहा. जुन्या बाजारात दुसऱ्या तबकडीबरोबर फुकट आली, अमक्या ओळीनंतरची तान ऐकण्यासारखी आहे, हिच्यासाठी घेतली होती आणि हिला आवडली नाही. नंबर पुढेमागे एखादा अभ्यासू शोधून काढेल, या रकान्यातलं मात्र तुमच्याशिवाय कोणी लिहू शकणार नाही.

अठराशे नोंदी म्हणजे डोंगर वाटतो, पण रोज दहा केल्या तरी सहा महिन्यांत होतात. नातवाला सुट्टीत बोलावून मोबाइलवर लेबलांचे फोटो काढायला लावा, नंबर तो एक्सेलमध्ये टाकेल. संगीताची गोडी लागेल या आशेने नको, त्याला खाऊचे पैसे द्या आणि काम करून घ्या. गोडी लागली तर बोनस.

नोंदी होत आल्या की ढीग आपोआप पडू लागतील. घरच्यांसाठी वीस-पंचवीस तबकड्या बाजूला निघतील. त्या तुम्ही निवडू नका, त्यांना निवडू द्या. मुलीला कदाचित तुमची लाडकी यमनमधली चीज नको असेल, लहानपणी रविवारी सकाळी वाजायचं ते एखादं विनोदी रेकॉर्ड हवं असेल. तिला कॅनडात न्यायचं असेल तर एक खबरदारी घ्या. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला पुरावशेषांच्या १९७२च्या कायद्याची आडकाठी येऊ शकते. भारतात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली, कलकत्त्यात, गौहर जान वगैरेंच्या आवाजात. त्या पहिल्या काळातली, एकाच बाजूला गाणं असलेली एखादी तबकडी तुमच्याकडे असली तर ती बॅगेत घालण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करा. 'ही वस्तू पुरावशेष नाही' असा दाखला त्यांच्याकडून मिळतो. पन्नास-साठच्या दशकातल्या सिनेगीतांना यातलं काही लागू नाही.

मोठा ढीग निघेल तो दुबार प्रतींचा आणि सर्वत्र मिळणाऱ्या तबकड्यांचा. हा ढीग आत्ताच विका, तुमच्या हाताने, तुमच्या भावाने. यात कमीपणा काही नाही. तुम्हीही त्या कोणाकडून तरी विकतच घेतल्यात ना? कॉलेजातली बरीच पोरं हल्ली जुनी यंत्रं आणि तबकड्या शोधत फिरतात. त्यांच्याशी घासाघीस करताना तुम्हाला मजा येईल. तुमच्यामागे बायकोला मात्र एका तबकडीचे किती सांगायचे हेही ठाऊक नसणार.

उरतील त्या दोन-तीनशे. खरा संग्रह हाच. यांच्यासाठी संस्था किंवा जाणकार माणूस शोधायचा.

संस्थांबद्दल थोडं कडू बोलते. 'आई-वडिलांच्या नावाचं वेगळं दालन, संग्रह अखंड, कायम प्रदर्शनात' असं पत्र घेऊन गेलात तर शहाणी संस्था नम्रपणे नकार देईल, आणि गरजू संस्था हो म्हणून कपाटाला कुलूप लावेल. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचं उदाहरण सगळे देतात. दिनकर केळकर, म्हणजेच कवी अज्ञातवासी, यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने तो संग्रह उभा केला आणि हयातीतच शासनाच्या हवाली केला. दिवे, अडकित्ते, वाद्यं आजही लोक रांगेत बघतात. पण त्यात एक गोष्ट विसरली जाते. त्या माणसाने आयुष्य त्यातच घातलं होतं, देऊन झाल्यावरही ते तिथेच होते, आणि तरीही एकूण वस्तूंपैकी थोड्याच मांडता येतात. शिवाय अडकित्ता काचेमागे ठेवला तरी दिसतो. तबकडी काचेमागे ठेवली तर ती नुसती काळी थाळी आहे.

म्हणून संस्थेकडे नावाच्या पाटीची मागणी करू नका, कामाची करा. डिजिटल प्रत करणार का? केली तर ऐकायला कोणाला देणार? यादी जाहीर करणार का? दुबार प्रती विकायची मुभा हवी असेल तर आम्हाला आधी कळवणार का? आणि सांगलीकराने विचारलाच पाहिजे असा प्रश्न : ठेवणार कोणत्या मजल्यावर? आई-वडिलांचं नाव प्रत्येक डिजिटल प्रतीच्या नोंदीत 'संग्रह' म्हणून घाला इतकंच म्हणा. ते सहज मान्य होईल, आणि दालनाच्या पाटीपेक्षा जास्त लोक वाचतील.

सुरुवात सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सपासून करा. ही मंडळी १९९० साली मुंबईत एकत्र आली, तबकड्यांवरच लेखन-संशोधन करत आली आहे, आणि तुमच्या यादीतला कोणता नंबर बघून उडी मारायची हे त्यांना कळतं. शास्त्रीय ध्वनिमुद्रणांचा मोठा डिजिटल संग्रह कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने केला आहे. तिथे विचारता येईल. नाट्यसंगीतासाठी सांगलीतच विचारून बघा. विष्णुदास भाव्यांच्या गावात नाटकाच्या तबकड्यांना एक कपाट मिळू नये असं मला तरी वाटत नाही. आणि कोणाकडेही तबकड्या घेऊन जाऊ नका, आधी यादी पाठवा. यादीशिवायच्या दानाला संस्था घाबरतात, कारण ते दान नसतं, आवराआवर असते.

संस्था नकोच वाटली तर माणूस शोधा. तुमच्याहून पंचवीस-तीस वर्षांनी लहान, वेडा, आणि ज्याच्याकडे एक कोरडी खोली आहे असा. तुम्ही इतकी वर्षं या नादात आहात म्हणजे असा एक तरी डोळ्यांपुढे आलाच असेल. एखादा हातचं राखून न ठेवणारा संग्राहक शंभर संस्थांच्या बरोबरीचा असतो.

आता कागदपत्रं. ही बाब लहान आहे. हयातीत दिलेल्या तबकड्यांना फारसे कागद लागत नाहीत. जंगम वस्तू हातात दिली, समोरच्याने घेतली, की बक्षीस पूर्ण होतं. तरी तारीख घालून, यादी जोडून एक पत्र करा, दोघांच्या सह्या घ्या, आणि त्याची एक प्रत मुलांना द्या, म्हणजे पुढे 'काकांनी मला तोंडी दिलं होतं' म्हणणारे गप्प बसतात. उरलेल्यांसाठी मृत्युपत्रात एक परिच्छेद पुरे. तबकड्या मोजत बसू नका, 'सोबतच्या वहीप्रमाणे' म्हणा. मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात आणि त्यांच्या समोर तुमची सही व्हायला हवी. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. मृत्युपत्र केलंच नाही तर हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलगा आणि मुलगी (आई हयात असल्यास आईही) सारख्या वाट्याचे मालक होतात, आणि अठराशे तबकड्यांचे तीन सारखे वाटे कसे करायचे हा प्रश्न तुम्ही त्यांच्यावर सोडू नये. अंमलबजावणीसाठी मुलाचं नाव घाला, पण सोबत एका जाणकार संग्राहकाचं नाव सल्ल्यासाठी लिहा, त्याला विचारूनच.

यापेक्षा महत्त्वाचा कागद कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवायचा आहे. तो बायकोसाठी. काका, स्पष्ट लिहिते, रागावू नका. बहुतेक घरांत मागे बायको राहते, आणि संग्रह जातात ते पहिल्या महिन्यात. तेराव्याची पंगत उठते आणि कोणीतरी हळहळत म्हणतं, 'वहिनी, ही अडगळ तुम्हाला आता कुठे झेपणार, मी घेऊन जातो.' तो माणूस वाईट असेलच असं नाही, पण काय उचलायचं हे त्याला पक्कं ठाऊक असतं आणि वहिनींना नसतं. म्हणून मोठ्या अक्षरांत लिहा : वर्षभर काहीही विकू नये, देऊ नये, बघायलासुद्धा देऊ नये. अमुक तिघांना फोन करावा. अमुक एकाला करू नये (असा एक असतोच). लाल चिकटपट्टी लावलेला खण मौल्यवान, बाकीचे साधे. तबकड्या उभ्याच ठेवाव्यात, आडव्या रचू नयेत. आणि स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसू नयेत. करोनाच्या काळात घरोघर जे दिसेल त्यावर सॅनिटायझर मारायची सवय लागली, आणि लाख तर अल्कोहोलमध्ये विरघळते. तुमची सून उत्साहाने एकदा सगळ्या तबकड्या 'स्वच्छ' करेल आणि सोबत रेघाही पुसून टाकेल. कोरडा मऊ ब्रश पुरतो.

'भंगारवाल्याला बोलावणार' या वाक्याचं काय करायचं, तर तो कागद तिच्या हातानेच लिहून घ्या. तुम्ही सांगा, ती लिहील. फ्रिजचा हिशेब अजून चुकता झालेला नाही, एवढंच त्या वाक्यात आहे. माळ्यावर आधी तबकड्या गेल्या हे ती विसरलेली नाही आणि तिने विसरावं अशी अपेक्षाही करू नका. दुबार प्रतींच्या विक्रीतून पहिले जे पैसे येतील ते तिच्या हातात ठेवा आणि कशाला हवेत विचारू नका.

डिजिटल प्रतींबद्दल दोन गोष्टी. एक, बाजारात मिळणाऱ्या स्वस्त यूएसबी प्लेअरवर एलपीची (नंतर आलेल्या प्लास्टिकच्या तबकड्यांची) बारीक सुई असते, ७८च्या रुंद रेघेत ती तळाला घासत जाते. खरखर वाढते, आवाज पातळ येतो. ७८साठी वेगळी जाड सुई मिळते, तीच लावा. आणि त्या निवडक दोन-तीनशे कर्ण्याच्या फोनोवर वाजवू नका. पाहुणे आले की चावी देऊन वाजवायचा मोह होतो, पण पोलादी सुई आणि जड साउंडबॉक्स दर वेळी रेघेतला थोडा आवाज खरवडून नेतात. पाहुण्यांसाठी दुबार प्रती आहेत. दुसरी गोष्ट हक्कांची. तबकडी तुमची असली तरी ध्वनिमुद्रणाचा हक्क तुमचा नसतो. भारतात तो प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो, म्हणजे तुमचा बहुतेक संग्रह त्यातून मोकळा झालेला आहे. गीताचे शब्द आणि चाल यांचा हिशेब निराळा, तो कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. घरात जपून ठेवायच्या आणि संस्थेला द्यायच्या प्रती करताना यावर डोकं शिणवू नका, नेटवर चढवायच्या वेळी मात्र बघा.

मुलाशी पुन्हा बोलाल तेव्हा 'माझ्यामागे काय' असा विषय काढू नका. जेवताना तर नकोच. त्याला सांगा की तुला यातलं काहीही सांभाळायचं नाही, पण दिवाळीत दोन दिवस ये आणि खोकी उचलायला मदत कर. वजन त्याच्या डोक्यावरून उतरलं की तो काय ऐकतो ते बघा. नाहीच ऐकलं काही, तरी खोकी उचलली जातील.

ता. क. : पत्राच्या मागे वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे, 'ती तीन शिसवी कपाटं रिकामी झाली तर मला मिळतील का?' काका, ही ओळ तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते. उत्तर : हो वहिनी, दोन मिळतील. एक त्या दोन-तीनशेंना लागेल, तेही त्या जाईपर्यंत. तुमच्या दोन कपाटांत काय ठेवायचं ते मात्र यांना आधी सांगू नका, नाहीतर दुबार प्रती विकायला निघणारच नाहीत.